राजवाड्यातली बिऱ्हाडे

परदेशवारी करून आलेल्या प्राध्यापकाने वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन दिलेच पाहिजे, असा आपल्या महाविद्यालयाचा अलिखित नियम आहे. संपादक मंडळाने माझ्याकडेही ते मागितले. परंतु स्प्लिट शहरात मी होतो जेमतेम दीड दिवस. एवढ्या शिदोरीवर वर्णन लिहिणे धाडसाचे होईल. मला मांडायचे आहे ते एक मत, आणि त्यात थोडी स्वतःची कबुलीही आहे.

स्प्लिट हे क्रोएशियातले एड्रियाटिक समुद्राकाठचे शहर. रोमन सम्राट डायोक्लेशियन इ. स. ३०५ मध्ये स्वतः होऊन सिंहासनावरून उतरला आणि येथे बांधलेल्या राजवाड्यात राहावयास आला. पुन्हा सत्ता हाती घ्या, अशी गळ घालणाऱ्यांना त्याने स्वतः लावलेल्या कोबीचे कौतुक ऐकवले, ही गोष्ट मी प्रथम वर्षाच्या वर्गाला इतक्या वेळा सांगितली आहे की मागच्या बाकावरची मुले ती माझ्याआधीच पूर्ण करतात. त्या कोबीवाल्याचे घर एकदा पाहावे, ही माझी जुनी इच्छा.

घर म्हणजे सुमारे २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असा तटबंदीचा चौकोन. पण खरी गोष्ट सम्राट गेल्यानंतरची आहे. सातव्या शतकात जवळचे सलोना हे मोठे शहर आवार आणि स्लाव टोळ्यांच्या हल्ल्यांत उद्ध्वस्त झाले. जीव वाचवून आलेली माणसे या तटाच्या आत शिरली आणि त्यांनी चक्क बिऱ्हाडे थाटली! कमानी बुजवून भिंती केल्या, दालनांत घरे बांधली, ज्युपिटरच्या देवळाचे बाप्तिस्मागृह केले. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या या सम्राटाच्या समाधीचे कॅथीड्रल झाले, आणि ते ज्या संत डोम्नियसच्या नावाने ओळखले जाते, तो याच सम्राटाच्या छळात मारला गेलेला! खालच्या तळघरांत तर लोकांनी शतकानुशतके वरून केरकचरा टाकला. त्या कचऱ्याखाली तळघरे जशीच्या तशी राहिली, आणि वरची दालने नाहीशी झाली तरी त्यांचा आराखडा आज तळघरावरूनच कळतो. इतिहासाला उकिरड्याचेही उपकार मानावे लागतात ते असे.

सलोनाचे काय झाले? तेथे कोणी राहिले नाही. त्याचे दगड लोकांनी वाहून नेले आणि आज तेथे उघड्यावर अवशेष आहेत. राजवाडा मात्र उभा आहे. वास्तू टिकवायची तर आधी माणसे बाहेर काढा, असे मानणारे पुष्कळ असतात. माझे प्रामाणिक मत असे की, हा राजवाडा सतराशे वर्षे टिकला तो त्यात कोणाची तरी चूल पेटत होती म्हणून. १९७९ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला, तोही नुसता राजवाडा म्हणून नव्हे, तर त्याच्या आत-बाहेर वाढलेल्या शहरासकट.

आता कबुली. जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने आमच्यासाठी तटाच्या आतच दोन खोल्या घेतल्या होत्या. सम्राटाच्या घरात निजायचे, या आनंदात मला पहिल्या रात्री झोप लागली नाही. पहाटे बोळात फिरायला निघालो, तो दारोदारी किल्ली ठेवायच्या आकडेकुलपाच्या डब्या लटकलेल्या. आमच्या दारावर होती तशीच. शेजार असा नव्हताच. ऐकू येत होता तो फक्त दगडी फरशीवर सामानाच्या चाकांचा खडखडाट.

दुपारी खोलीचे मालक भेटले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचे बोलणे झाले. ज्या खोलीत मी निजलो ती त्यांच्या आईची. ते स्वतः आता गावाबाहेरच्या इमारतीत राहतात. "येथे भाजी कुठे मिळते?" असे सौ.ने विचारले, तेव्हा ते हसले. पाहुण्यांना भाजी लागत नाही, त्यांना आईस्क्रीम लागते, असे त्यांचे म्हणणे. तळघरात एका वाटाड्याच्या तोंडी डायोक्लेशियनचे नाव एकदा आले. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधले ड्रॅगन कुठे बांधले होते, ते मात्र त्याने तीनदा सांगितले.

धावत्या प्रवाशांना नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. दीड दिवसात पाहिले तरी डोळे काही उणे पाहत नाहीत. प्रश्न निजण्याचा आहे. टोळ्यांच्या भयाने जी माणसे आत आली, त्यांचे वारस आमच्या भाड्यापायी बाहेर चालले आहेत, आणि त्या भाड्यात माझेही दोन रात्रींचे पैसे आहेत.

मुलगी म्हणते, "बाबा, त्याच पैशांतून त्यांनी छप्पर दुरुस्त केले. तुम्ही नाही गेलात तर दुसरा कोणी जाईल." तिचे पहिले वाक्य खरे आहे. दुसरे वाक्य मी वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलांकडूनही ऐकले आहे. गावाने तटाच्या आत राहणाऱ्यांसाठी काही घरे राखून ठेवावीत, आणि पाहुण्यांनी तटाबाहेर उतरून पायी यावे, यात कोणाचे फार बिघडेल असे मला वाटत नाही.

पुढल्या खेपेस बसस्थानकाच्या बाजूला खोली घे, असे मी तिला लिहिले. तिकडची खोली चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे दुखतात, असे तिचे उत्तर आले आहे.