विश्लेषण : किहीममध्ये बांधकामाआधी सीआरझेडचा नकाशा का पाहायचा?

८ मार्च २०१९ रोजी किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला रायगड जिल्हा प्रशासनाने स्फोटकांनी पाडला. बांधकाम इतके भक्कम होते की नेहमीची यंत्रे पुरी पडेनात. अलिबाग परिसरातील बेकायदा बंगल्यांविरुद्धची जनहित याचिका मात्र २००९ची. जागा निवडतानाच जे नकाशावर दिसायला हवे, ते निस्तरायला दशक लागले.

नकाशात काय असते?

सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या नकाशावर भरतीरेषा, खारफुटी, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा असे थर असतात. २०११च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नव्हते. २०१९च्या अधिसूचनेने हा पट्टा दाट वस्तीच्या गावांत (दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकसंख्या, तीही २०११च्या जनगणनेनुसार) ५० मीटरवर आणला. इतरत्र २०० मीटर कायम ठेवला. नवे नियम लागू होण्यासाठी आधी सुधारित नकाशे मंजूर व्हावे लागतात. त्यामुळे कोणत्या अधिसूचनेचा नकाशा समोर आहे, हे आधी तपासावे.

दोन मिलिमीटरचा प्रश्न

खरी गोम प्रमाणात आहे. मोठ्या क्षेत्राचा नकाशा १:२५,००० प्रमाणाचा असतो. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर, आणि ५० मीटरचा पट्टा जेमतेम २ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघसुद्धा साडेबारा मीटर जमीन झाकते, म्हणजे एका घराची रुंदी! १:४,००० च्या नकाशावर तोच पट्टा साडेबारा मिलिमीटरचा होतो आणि रेघ गट नंबरच्या हद्दींवर बसवता येते. मोबाइलवरचा नकाशा मोठा करून हे साधत नाही; चित्र मोठे होते, अचूकता तेवढीच राहते. सातबाऱ्यावरही भरतीरेषा नसते. व्यवहारापूर्वी गाव नकाशावर बसवलेला सीआरझेड नकाशा पाहणे, हाच त्यातला स्वस्त मार्ग.

तरीही काही गोष्टी निसटतात. पक्ष्यांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित अशा ‘१-अ’ वर्गात मोडतात, पण आधी त्यांची नोंद व्हावी लागते. १९३० मध्ये सलीम अली यांनी किहीममध्येच सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो त्यांच्या कारकिर्दीला वळण देणारा ठरला. वाडीतल्या झाडावरची अशी घरटी पावसाळ्यात दिसतात. पाहणी उन्हाळ्यात झाली, तर नकाशावर तिथे कोरी जागाच उरते.