‘आमच्यात नसतं हे, डॉक्टर!’

‘पूर्वग्रह’ या शब्दातला ग्रह पत्रिकेतला नव्हे. ‘त्याचा असा ग्रह झाला’ असे आपण म्हणतो, तो हा. मनाने धरून ठेवलेली गोष्ट. पूर्वग्रह म्हणजे पुरावा हाती येण्याआधीच धरलेली. ‘गृहीत’ हा शब्द त्याच कुळातला. भूमितीत गृहीत धरलेले वहीत लिहून दाखवावे लागे. दवाखान्यात गृहीत धरलेले केसपेपरवर कोणी लिहीत नाही. एरवी हा शब्द आपण दुसऱ्यांबद्दल वापरतो. ‘माझा पूर्वग्रह होता’ म्हणणारा क्वचित भेटतो, म्हणून आज मीच म्हणतो.

माझा दवाखाना कॅम्प नंबर २ मध्ये. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त, हे इथल्या डॉक्टरांना तोंडपाठ. त्यामुळे सिंधी बाई फिकट दिसली की मी हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी लिहायचो, आणि मराठी बाई दिसली की लोहाच्या गोळ्या. वर ‘उपास कमी करा, पालेभाजी खा’. वर्षानुवर्षे हेच.

गेल्या वर्षी साताऱ्याकडच्या एक बाई दुसऱ्यांदा दिवस गेले म्हणून आल्या. पहिल्या खेपेलाही लोह मीच दिले होते. हिमोग्लोबिन ९ च्या वर जाईना, तेव्हा मी मनात म्हटले, गोळ्या घेत नसणार. त्या घेत होत्या! या वेळी रक्ताचा रिपोर्ट नीट वाचला. तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, ६४. पेशी मात्र ५४ लाख. लोह कमी पडले की पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही घटतात. इथे लहान, पण भरपूर. ६४ ला ५.४ ने भागले की १२ च्या आत येते. भागाकार १३ च्या खाली गेला तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यावी, हा ठोकताळा १९७३ पासूनचा. ए-टू ५.२ टक्के निघाले; ३.५ पर्यंत ठीक मानतात.

यजमानांना बोलावले. ‘आमच्यात नसतं हे, डॉक्टर,’ ते म्हणाले. काय बोलणार? मीही तेच धरून बसलो होतो. वाहक स्वतः आजारी नसतो. पण नवराबायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचे आणि त्यातून साठणारे लोह काढायला रोज औषध. यजमानांचा रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस मला नीट झोप नव्हती. ते वाहक नव्हते. सुटलो. पण पहिल्या बाळाच्या वेळी मी सारे नशिबावर सोडले होते, याला वैद्यकी म्हणत नाहीत.

उलटी फसगतही झाली आहे. एका सिंधी मुलीची ए-टू तपासण्यात मी गुंतलो. बिचारीला मूळव्याधीतून रक्त जात होते, ते विचारलेच नाही.

काही समाजांत वाहक जास्त असतात हे खरे, आणि ते ठाऊक असणे हा पूर्वग्रह नव्हे. त्यावरून कोणाची तपासणी आधी करायची ते ठरवावे. कोणाची करायचीच नाही, ते नव्हे. वाहकांना हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या मुलखांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. डास काही आडनाव विचारून चावत नाही.

त्या बाईंच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरते आहे. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले म्हणे. मी ए-टू लिहून दिली, तर आईला धास्ती, ‘मुलाकडच्यांना कळलं तर?’ मी सांगितले, वाहक निघाली तरी लग्न मोडायचे कारण नाही. मुलाचीही तपासणी करायची, आणि दोघे वाहक निघाले तरी गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. आई काही बोलल्या नाहीत. मुलीने मात्र स्वतःच जाऊन रक्त दिले. रिपोर्ट शुक्रवारी यायचा आहे.