घरात डॉक्टर आहेत, मग सीपीआर कशाला शिकायचं?

समजा, चँडलरमध्ये तुमच्या घरी गणपतीची आरती नुकतीच संपली आहे. प्रसाद वाटताना साठीचे एक काका अचानक कोसळतात. हाकेला ओ देत नाहीत. श्वास म्हणावा तर मधूनच एखादा आचका. सगळ्यांच्या नजरा भारतातून आलेल्या डॉक्टर काकूंकडे वळतात. त्या नाडी शोधत बसतात आणि आपण सगळे वाट बघतो.

माझं मत स्पष्ट आहे: ही वाट बघणं चूक आहे. पदवी आयुष्यभर टिकते, सीपीआरचं ज्ञान टिकत नाही.

काकू १९८५ साली शिकल्या असतील, तर त्यांच्या डोक्यात '१५ दाब, २ श्वास' असेल. आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या, मग छाती दाबा. २००५ मध्ये हे प्रमाण ३०:२ झालं. २०१० मध्ये क्रमच बदलला आणि छातीवरचा दाब पहिला आला. २०१५ पासून मोठ्या माणसासाठी मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोली सांगितली जाते. नाडी तपासायला डॉक्टरांनीही १० सेकंदांहून जास्त वेळ घालवायचा नाही. आचके म्हणजे श्वास नव्हे, हेही लक्षात ठेवायचं. त्वचारोग किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांना अनेक वर्षांत एकदाही सीपीआर द्यावा लागत नाही. त्यांना हे बदल ठाऊक नसतील तर नवल नाही. म्हणून तर अमेरिकन हार्ट असोसिएशनचं प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं.

हे बदल घडवण्यात आपल्या ॲरिझोनाचा मोठा वाटा आहे. टूसॉनच्या विद्यापीठात डॉ. गॉर्डन युई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दाब थांबला की हृदयाचा रक्तपुरवठा लगेच घसरतो आणि पुन्हा वर यायला बरेच दाब लागतात. मग राज्यभर लोकांना फक्त छाती दाबायला शिकवलं गेलं. २००५ ते २००९ या काळातल्या नोंदींनुसार, कोणीच सीपीआर न दिलेल्यांपैकी ५.२ टक्के रुग्ण वाचून घरी गेले, श्वासासह सीपीआर मिळालेल्यांपैकी ७.८ टक्के आणि फक्त दाब मिळालेल्यांपैकी १३.३ टक्के. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

पण अपवादही आपल्याच परसात आहे: स्विमिंग पूल. बुडालेल्या माणसाला मुळात ऑक्सिजनच कमी पडलेला असतो. तिथे आणि लहान मुलांमध्ये श्वासही द्यावे लागतात. म्हणून नुसता व्हिडिओ पाहून भागत नाही. वर्गात जाऊन पुतळ्यावर हात चालवावा लागतो.

तेव्हा कोणी कोसळलं, तर ९११ लावून फोन स्पीकरवर टाका, छाती दाबायला लागा, एकाला एईडी आणायला पिटाळा. पलीकडचा माणूस सूचना देत राहील. महाराष्ट्रातल्या आईबाबांना १०८ पाठ करायला सांगा.

आणि पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टर मित्राला आदरानेच विचारा, "शेवटचा सराव कधी केलास?" उत्तर आठवत नसेल, तर दोघं मिळून वर्गाला नाव नोंदवा.