पिवळं आधी, पांढरं नंतर : एक जुना सल्ला मागे घेताना

मागच्या पावसाळ्यात ओपीडीत एक आजी नातीला घेऊन आल्या. नात आठ महिन्यांची, वजन साडेसहा किलोच्या आसपास. दोन महिन्यांत जेमतेम दोनशे ग्रॅम वाढलेलं. बाळ काय खातं, असं विचारल्यावर नेहमीची यादी आली : डाळीचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट. घरी अंडी खाता का, असं विचारलं. "खातो की. कोंबड्या हायत घरच्या." मग बाळाला का देत नाही? आजींनी माझ्याकडे जरा रोखूनच पाहिलं. "अवो बाई, हिच्या बापाच्या वेळेला तुमीच सांगितलं होतं, पांढरं वर्षाच्या आत द्यायचं न्हाय, नुसतं पिवळं द्या. आता पिवळं तेवढं काढत कोन बसतंय? मग दिलंच न्हाय."

'तुमीच' म्हणजे तुम्ही डॉक्टर लोकांनी. मी त्या काळी दुसऱ्या जिल्ह्यात होते. पण सल्ला माझाच होता. शिकताना मला तो तसाच मिळाला आणि पुढची कित्येक वर्षं मी तो शेकडो आयांना तोंडपाठ सांगितला. तो चुकीचा होता, हे एकदा जाहीरपणे सांगायला हवं, म्हणून आजचा लेख.

सल्ल्यामागचं कारण वरवर पटण्यासारखं होतं. अंड्याची ॲलर्जी मुख्यतः पांढऱ्या भागातल्या प्रथिनांमुळे होते. मग लहान बाळाला ते उशिरा दिलं तर ॲलर्जी टळेल, असा तर्क. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली तर ॲलर्जीची शक्यता असलेल्या मुलांना दोन वर्षांपर्यंत अंडं देऊच नये असं सांगितलं होतं. पुढे नीट अभ्यास झाल्यावर उशीर केल्याने ॲलर्जी टळते याला आधार सापडेना, आणि २००८ साली त्याच संघटनेने तो सल्ला मागे घेतला. त्यानंतर तर चित्र उलटंच निघालं. २०१५ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा दिला गेला, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी झाल्याचं दिसलं. २०१७ साली जपानमध्ये, एक्झिमा असलेल्या बाळांना सहा महिन्यांपासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोड्या प्रमाणात दिली, तर अंड्याच्या बाबतीतही तसंच आढळलं. शरीराला एखाद्या अन्नाची ओळख पोटातून आणि वेळेवर झालेली बरी, असं आता आपण मानतो.

विज्ञानात सल्ले बदलतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला खंत आहे ती वेगळी. नवा सल्ला आमच्या परिषदांमध्ये पोहोचला, पुस्तकांत पोहोचला, पण त्या आजींच्या घरी पोहोचला नाही. जुना मात्र आम्ही किती पक्का बसवला होता! आणि तो पाळताना आम्ही बाळाच्या वाटीतून काय काढून घेत होतो, ते पाहा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, त्यातली निम्म्याहून जास्त पांढऱ्यात. मेंदूच्या वाढीला लागणारं कोलीन, अ, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वं मुख्यतः पिवळ्यात. दोन्ही मिळून ते पूर्ण अन्न होतं. अर्धं अंडं फेकायला लावून आम्ही आयांना वाटायला लावलं की हा काहीतरी भानगडीचा पदार्थ आहे. भानगड कोण करतं? डाळीचं पाणी सोपं.

या डाळीच्या पाण्यावर माझा जुना राग आहे. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे मिलिलिटर, म्हणजे वाटीभर मावतं. ती वाटी वरच्या निवळ पाण्याने भरली की बाळाचं पोट तट्ट फुगतं, रडणं थांबतं आणि घरच्यांना वाटतं बाळ जेवलं. डाळ खाली पातेल्यात राहते, ती मोठे खातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं सुमारे नऊ टक्के होती. शंभरातली नऊ! ही सगळी घरं उपाशी नव्हती. माझ्या ओपीडीत तर बऱ्याचदा अशी घरं येतात की ज्यात अन्न आहे, फक्त ते बाळापर्यंत जात नाही.

तर आता करायचं काय? बाळाला सहा महिने पूर्ण झाले, ते आधाराने बसू लागलं, मान सावरू लागलं, की अंगावरच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू करायचं. उष्टावणाचा मुहूर्त आठव्या महिन्यात निघाला तरी जेवण थांबवायचं नाही. मामाने चांदीच्या वाटीतली खीर तेव्हा चाटवावी, हरकत नाही. पहिल्या काही दिवसांत मऊ भात, घट्ट वरण, भाज्या बाळाला जमू लागल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत अंडं आणायचं. पूर्ण अंडं, पिवळं आणि पांढरं दोन्ही.

मी आयांना एक पदार्थ सांगते. त्याला काही नाव नाही, एका आईने त्याला 'तिखटमिठाचा खरवस' म्हटलं होतं. तिखट आणि मीठ मात्र त्यात दोन्ही नसतं. लाल भोपळ्याची एक फोड, थोडं गाजर, हवी तर पालकाची चार पानं, असं जे घरात असेल ते कुकरमध्ये मऊ शिजवून डावाने किंवा हाताने घोटून घ्यायचं. मिक्सरमध्ये गंध करायची गरज नाही. दोन-तीन चमचे घोटलेल्या भाजीत एक अंडं फोडून चांगलं फेटायचं, त्यात चमचाभर तूप आणि भाजीचंच दोन चमचे पाणी. वाटीला आतून तुपाचा हात लावून मिश्रण ओतायचं, वर झाकण ठेवायचं आणि ढोकळ्यासारखं दहा-बारा मिनिटं वाफवायचं. सुरी घातली आणि ती कोरडी बाहेर आली की झालं. मधोमध ओलं, हलणारं दिसलं तर आणखी वाफ द्यायची. बाळाच्या बाबतीत अर्धकच्चं अंडं अजिबात नको, त्यातून जंतू जाऊन जुलाब होऊ शकतात. अंड्याच्या कवचाला हात लावल्यावर हात साबणाने धुवायचे, हे त्याच कारणासाठी. तूप चवीपुरतं नाही. भोपळ्या-गाजरातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो, आणि छोट्या पोटात जास्त ताकद मावायलाही.

मीठ आणि साखर वर्षाच्या आत नको. आपल्याला ते अळणी लागतं, बाळाला नाही. त्याला चवीची आठवणच नसते. चमचा उलटा केला तर पदार्थ लगेच ओघळू नये, इतपत घट्ट हवा. सहा महिन्यांच्या बाळाला तो बोटांनी कुस्करून द्यावा, नऊ महिन्यांच्या बाळाला बारीक तुकडे हातात दिले तरी चालतात. उरलेलं संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका, थोरल्या भावंडाला द्या. वाटीभर करून बाळाने तीन चमचे खाल्ले तर ते तीन चमचे मोजायचे, उरलेल्यासाठी रागवायचं नाही.

पहिल्या दिवशी मात्र घाई नको. सकाळी, बाळ बरं असताना, पाव चमचा द्या आणि दोन तास लक्ष ठेवा. ॲलर्जी असेल तर बहुधा तेवढ्यात कळते : अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, लागोपाठ उलट्या होतात. श्वास लागला, बाळ मलूल पडलं तर ताबडतोब दवाखाना गाठा. अशी बाळं थोडी असतात, पण असतात. काही झालं नाही तर पुढच्या दिवसांत प्रमाण वाढवत न्या. ज्या बाळाला अंगभर, सतत चिघळणारा एक्झिमा आहे, त्याच्या आईने सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. टाळण्यासाठी नाही, कसं सुरू करायचं ते ठरवण्यासाठी.

'उष्ण पडतं' हा आक्षेप रोज येतो. अंडं खाल्ल्यावर बाळाला जुलाब झाले तर ते हात, भांडी, पाणी किंवा कच्चेपणा यांमुळे, असं मी सांगते. काही घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार आणि वर श्रावण असा हिशोब असतो. मोठ्यांनी पाळावं, बाळाला उपास नसतो एवढंच माझं म्हणणं. आणि ज्या घरात अंडं येतच नाही, तिथे माझा आग्रह नाही. घट्ट वरण-भात-तूप, दही, पनीर, शेंगदाण्याचं बारीक कूट यांवरही बाळं वाढतात. फक्त आईने स्वतःचं बी-१२ एकदा तपासून घ्यावं. पूर्ण शाकाहारी आईचं बी-१२ खूप कमी असेल आणि बाळ वर्षभर फक्त अंगावर पीत असेल, तर ते सुस्त, फिकट होतं, कधी हातपाय थरथरतात. असं बाळ मी वर्षातून एखादं तरी पाहते, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

अंड्याची अवास्तव स्तुतीही मला करायची नाही. इक्वाडोरमध्ये बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिल्यावर खुरटलेपण बरंच कमी झालं, असा २०१७ चा गाजलेला अभ्यास आहे. मलावीत तसाच प्रयोग केला तर उंचीत फारसा फरक दिसला नाही. तिथली बाळं आधीपासून मासे खात होती. म्हणजे ज्या वाटीत काहीच नाही, तिथे अंडं मोठं काम करतं. रक्तक्षयावर तर ते औषध नाहीच. पिवळ्यातलं लोह थोडं आणि तेही अंगी न लागणारं. त्यासाठी सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं सिरप सरकारी योजनेत मोफत मिळतं, ते अंड्यासोबतही चालूच ठेवायचं.

सरकारी नोकरीत राहून सरकारबद्दल थोडं बोलते. आपल्याकडे अंड्याची चर्चा होते ती शाळेच्या खिचडीवरून. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला, वाद झाला. वाद योग्यच होता. पण शाळेत जाणाऱ्या मुलाची खुरटण्याची वर्षं केव्हाच मागे पडलेली असतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत सात महिन्यांपासूनच्या बालकांना अंडं किंवा केळी मिळतात. वयाचा विचार तिथे नेमका झाला आहे, तो राज्यभर व्हायला हवा. आणखी एक साधी अडचण. आपल्या लसीकरणात साडेतीन महिन्यांनंतरची लस थेट नवव्या महिन्यात. सहावा महिना, जेव्हा आईला वरच्या अन्नाबद्दल सगळ्यात जास्त विचारायचं असतं, तेव्हा दवाखान्यात यायला तिला कारणच नसतं. त्या महिन्यात आशाताईंची गृहभेट ठरलेली आहे. ती भेट नुसती तक्ता भरण्यापुरती न राहता कोणी चुलीपाशी बसून एक वाटी करून दाखवली, तर आमच्या भिंतीवरच्या दहा पोस्टरांपेक्षा ते जास्त पोहोचेल. त्यासाठी आशाताईंना वेळ आणि मोबदला द्यावा लागेल, हेही उघड आहे.

त्या आजी महिन्याने पुन्हा आल्या. नातीचं वजन साडेतीनशे ग्रॅमने वाढलं होतं. अंडं रोज जातं म्हणाल्या. मग स्टीलचा छोटा डबा उघडून त्यांनी मला त्यातला तुकडा दिला, नीट झालंय का बघा म्हणून. झालं होतं, खरवसासारखं थलथलीत, भोपळ्याने केशरी. मग मी नातीच्या आईकडे वळून विचारलं, "अगं, आणि तू काय खातेस?" ती काही बोलली नाही. आजीच म्हणाल्या, "कोंबड्या पाच हायत. हिलाबी देतो उद्यापासनं."