फोन मालकाचा, तर अनलॉकचा निर्णयही मालकाचा

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : स्मार्टफोनचा बूटलोडर अनलॉक करण्याचा हक्क, त्याच्या अटी व जबाबदाऱ्या निश्चित करणेबाबत

महोदय/महोदया,

तळेगाव दाभाडे स्टेशन, गावभाग आणि एमआयडीसीलगत मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या दुकानदारांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. आमचे गिऱ्हाईक बहुधा चाकण किंवा नवलाख उंब्रेच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार असतो. त्याचा फोन चार-पाच वर्षांचा असतो. बॅटरी आणि डिस्प्ले बदलला की सेट ठणठणीत चालतो, पण कंपनीचे अपडेट बंद झालेले असतात. मग तो विचारतो, ‘अनलॉक करून नवीन अँड्रॉइड टाकून द्याल का?’

बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना अँड्रॉइड चालू करणारा मूळ प्रोग्रॅम; तो अनलॉक केल्याशिवाय दुसरी प्रणाली टाकता येत नाही. बहुतेकांना आम्ही ‘नको’ सांगतो. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा उडतो. नंतर पैसे भरण्याची अनेक ॲप उघडत नाहीत. ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि पगारापासून किराण्यापर्यंतचा व्यवहार त्यावरच चालतो, त्याने हा धोका घेऊ नये, असे आमचे प्रामाणिक मत आहे. ज्याच्याकडे दुसरा सेट आहे, किंवा ज्याला जुना फोन मुलाच्या अभ्यासासाठी वापरायचा आहे, त्याला मात्र ‘नको’ म्हणण्याचे काहीच कारण नाही. तरीही नाइलाजाने तेच सांगावे लागते, कारण अनेक मॉडेलना अनलॉकची सोयच ठेवलेली नसते. हे फोन घेताना गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेले नसते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ग्राहकाला वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क देतो. त्यानुसार खोक्यावर आणि विक्रीच्या पावतीवर दोन ओळी मराठीत छापणे सक्तीचे करावे : या मॉडेलचा बूटलोडर अनलॉक होतो की नाही, आणि सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार.

आपल्या विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केले. त्यापुढे दुरुस्ती-निर्देशांकाच्या आराखड्यात सॉफ्टवेअर अपडेट हा निकष घेतला. ही पावले आम्ही मोलाची मानतो. पण अपडेट संपल्यानंतर मालकाने काय करायचे, याचे उत्तर आम्हाला अजून मिळालेले नाही. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून स्मार्टफोनना अपडेटची किमान 5 वर्षांची आणि सुट्या भागांची 7 वर्षांची अट लावली आहे. आमची मागणी याहून साधी आहे. कंपनीने अपडेट थांबवले की त्या दिवसापासून 30 दिवसांत त्या मॉडेलचे अनलॉक मोफत खुले करावे. त्याआधी कोणी अर्ज केला, तर 7 दिवसांत निर्णय द्यावा आणि नकाराचे कारण लेखी द्यावे. हे अशक्य नाही, कारण काही कंपन्या आजही अनलॉक देतात.

वॉरंटीचा प्रश्न आम्हाला रोज छळतो. चार्जिंगचा पोर्ट सैल झाला, तरी ‘फोन अनलॉक केलेला आहे’ एवढ्यावर सेट परत केला जातो. पोर्ट सैल होण्याचा आणि बूटलोडरचा काही संबंध नाही. बिघाड अनलॉकमुळेच झाला, हे कंपनीने लेखी दाखवून द्यावे. ते दाखवता येत नसेल, तर हार्डवेअरची वॉरंटी कायम धरावी.

पैशांच्या ॲपबाबत बँकांची काळजी रास्त आहे. मात्र आजची तपासणी उलटे फळ देते. तीन वर्षे सुरक्षा अपडेट न मिळालेल्या जुन्या सेटवर ॲप चालते आणि लिनीएजओएस या अँड्रॉइडवर आधारित मुक्त प्रणालीची ताजी आवृत्ती टाकलेल्या फोनवर अडते. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये मालकाला स्वतःची डिजिटल किल्ली बसवून बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. ही सोय सर्व कंपन्यांनी द्यावी, आणि अशा रीतीने पुन्हा लॉक केलेल्या फोनसाठी सुरक्षेचे निकष रिझर्व्ह बँकेने जाहीर करावेत. ही विनंती आपल्या विभागामार्फत त्यांच्याकडे पाठवावी.

अनलॉक केलेल्या फोनसाठी नवीन अँड्रॉइड तयार करायला सोर्स कोडही लागतो. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. त्याचा सोर्स कोड देणे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्यानेच बंधनकारक आहे. तो मॉडेलच्या विक्रीच्या पहिल्या दिवशी उपलब्ध असावा.

अनलॉकमुळे चोरीचे फोन खपतील, असा आक्षेप घेतला जातो. त्याला आमचे उत्तर स्पष्ट आहे. मूळ बिल आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय, तसेच सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) तपासल्याशिवाय अनलॉकचे काम घेऊ नये, ही अट आपण घालावी. आम्ही ती पाळू. आयएमईआय बदलणे हा दूरसंचार कायदा, 2023 नुसार 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांचा गुन्हा आहे. तसे काम करणाऱ्याला आमच्यात जागा नाही. डेटा जाणार, कोणती ॲप बंद पडतील आणि नवीन प्रणाली टाकताना सेट कायमचा बंद पडू शकतो, हे मराठीत छापून गिऱ्हाइकाची सही घेण्यासही आम्ही बांधील राहू.

आमचे हात प्रशिक्षित नाहीत, असे कंपन्या सांगतात. याच तळेगावात 1908 साली लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला आणि तिथे कारागीर तयार झाले. शिकण्याची आमची तयारी आजही आहे. आयटीआयमध्ये मोबाईल सॉफ्टवेअर दुरुस्तीचा अल्पमुदतीचा वर्ग सुरू करून परीक्षा घ्यावी, आणि उत्तीर्ण दुकानदाराला कंपन्यांची अधिकृत सॉफ्टवेअर साधने वाजवी दरात मिळावीत.

या मागणीपत्राला 30 दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि पुढील नियमांचा मसुदा ठरवताना दुरुस्ती करणाऱ्यांचे प्रतिनिधी बैठकीला बोलवावेत. आमचे दोन प्रतिनिधी स्वखर्चाने दिल्लीला येतील.

अध्यक्ष व सचिव,
मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या दुकानदारांच्या वतीने,
तळेगाव दाभाडे, ता. मावळ, जि. पुणे