उपग्रहाला दिसते ते आणि बाईला ठाऊक असते ते



मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी गेले. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडच्या आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या. कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा नावावर व्हावा, ही त्यांची प्रमुख मागणी होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. इथे उपग्रहाची चित्रे पुढे येतात. ती आपण समजून घ्यायला हवीत.

देशातले जंगल किती वाढले, किती घटले, याचा अहवाल भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहाच्या आधारे काढते. एक हेक्टर जागेत दहा टक्क्यांहून अधिक झाडोरा दिसला की ते ‘वनाच्छादन’. मग ती आमराई का असेना! वर्षानुवर्षांची चित्रे शेजारी ठेवली की बदल कळतो. हा मोठाच उपयोग आहे. पण या मोजणीसाठी वापरलेल्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे साडेपाच गुंठे जमीन. उतारावरचे वीस गुंठ्यांचे नागलीचे वावर म्हणजे जेमतेम चार ठिपके. बांधावर मोहाची झाडे असली, त्या वर्षी वावर पड असले, तर शेत जंगलातच जमा होते. आणि झाड कोणी तोडले, सरपण-रानभाजीसाठी कोण किती लांब चालले, हे तर कोणत्याच चित्रात उमटत नाही.

म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांनी उपग्रहाच्या चित्राला पूरक पुरावा मानले, इतर पुराव्यांना पर्याय नव्हे. केवळ चित्रावर विसंबून दावे फेटाळता येणार नाहीत, असे गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये बजावले. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही नियमांत पुरावा आहे. वडीलधाऱ्यांत म्हाताऱ्या बायकाही येतात, हे मात्र गावाला आठवण करून द्यावे लागते.

वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यात. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. हे कायद्यात आहे. तेव्हा दावा चित्रावरून अडला, तर ते ग्रामसभेत मागा. कोणत्या वर्षाचे, कोणत्या महिन्याचे, ते विचारा. जुन्या चित्रात आपले वावर दिसत असेल, तर तोच आपला पुरावा! यंत्राला नाकारू नका. पण आपल्या वहिवाटीचा शेवटचा शब्दही त्याच्या हाती देऊ नका.