विश्लेषण : स्कीइंग करायचे नसेल, तर हिवाळ्याच्या सुरुवातीला आल्प्समध्ये मुक्काम कुठे करावा?

दिवाळी आटोपली की वर्षअखेरच्या सहलींचे बेत सुरू होतात. आल्प्समधला बर्फ पाहायचा आहे, पण स्कीइंग येत नाही आणि शिकायचेही नाही, अशा पर्यटकांना नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य हा काळ खुणावतो. गर्दी कमी असते आणि हॉटेलांचे दर नाताळच्या आठवड्याइतके चढलेले नसतात. मात्र याच दिवसांत आल्प्समधील अनेक गावे जवळपास बंद असतात. मुक्कामाचे गाव चुकले, तर काही लाख रुपये खर्चून गेलेल्या कुटुंबाच्या वाट्याला पाऊस, करपलेली कुरणे आणि थांबलेली केबल कार येऊ शकते.

या काळात आल्प्स ‘बंद’ का असतो?

आल्प्समधील उंचावरच्या गावांचे अर्थकारण दोन हंगामांवर चालते. उन्हाळी हंगाम ऑक्टोबरमध्ये संपतो, तर स्कीइंगचा हंगाम बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या मध्यानंतर बहरतो. मधल्या काही आठवड्यांत हॉटेलमालक आणि कर्मचारी स्वतः सुट्टी घेतात. केबल कारचे दोर, ब्रेक आणि खांब यांची तपासणीही याच वेळी होते. फ्रान्समधील शामोनी येथून ३८४२ मीटर उंचीवर नेणारी ‘एग्वी द्यु मिदी’ केबल कार साधारणपणे नोव्हेंबरमध्ये काही आठवडे बंद असते. हे वेळापत्रक पर्यटकांसाठी बदलत नाही, कारण देखभालीला दुसरा सोयीचा काळ नसतो.

बर्फ नक्की मिळेल अशी उंची कोणती?

इंटरलाकेन सुमारे ५७०, इन्सब्रुक ५७४, तर ल्युसर्न ४३५ मीटर उंचीवर आहे. या उंचीवर डिसेंबरच्या सुरुवातीला बर्फाऐवजी पाऊस पडणे नेहमीचेच. ऐन हिवाळ्यातही खात्री नसते. १९६४च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फ कमी पडल्याने ऑस्ट्रियाच्या सैनिकांना तो डोंगरावरून वाहून आणावा लागला होता. तापमानवाढीमुळे खालच्या भागातील बर्फाचे दिवस आणखी घटले आहेत. खिडकीतून बर्फ दिसावा असे वाटत असेल, तर दीड हजार मीटरच्या वर जावे लागते, आणि नेमकी तीच गावे या काळात बंद असतात. म्हणून राहायचे खाली आणि बर्फासाठी दिवसभर वर जायचे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

मुक्कामाचे गाव कोणत्या निकषांवर निवडावे?

पहिला निकष, गाव केवळ पर्यटकांवर जगणारे नसावे. विद्यापीठ, कार्यालये, बाजार, संग्रहालये असलेल्या शहरात हंगाम नसला तरी दुकाने आणि उपाहारगृहे उघडी असतात. दुसरा, रेल्वे स्थानक हवे आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर डोंगरावर जाण्याचे किमान दोन पर्याय हवेत. एक बंद असला किंवा ढगात गेला, तर दुसरा हाताशी राहतो. तिसरा निकष संध्याकाळचा. डिसेंबरमध्ये सूर्य साधारण साडेचारच्या सुमारास मावळतो, डोंगराच्या सावलीतील गावात ऊन त्याच्याही आधी जाते. त्यानंतरचे पाच-सहा तास कसे घालवणार, याचे उत्तर गावात असायला हवे.

या निकषांवर कोणती ठिकाणे उतरतात?

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक हा सर्वात सुरक्षित पर्याय म्हणता येईल. विद्यापीठाचे शहर असल्याने ते बारमाही जागे असते आणि नाताळ बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासूनच भरू लागतात. शहराच्या मध्यातून निघणारी रेल्वे आणि पुढच्या केबल कार नॉर्डकेटे डोंगरावर २२०० मीटरच्या वर नेतात. त्यांच्या शरद ऋतूतील देखभालीच्या तारखा मात्र आधी पाहाव्यात.

स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नचे पारडे जड आहे. युरोपातील पहिली डोंगरी रेल्वे १८७१ मध्ये ज्या रिगीवर धावली, तिथे आजही वर्षभर गाडी जाते आणि ‘स्विस ट्रॅव्हल पास’मध्ये हा प्रवास समाविष्ट आहे. टिटलिससाठीचे एंगेलबर्ग रेल्वेने पाऊण तासावर. या दिवसांत सखल भागावर धुके साचून राहते, अशा वेळी रिगीच्या माथ्यावर अनेकदा लख्ख ऊन असते.

भारतीयांच्या आवडत्या इंटरलाकेनहून ३४५४ मीटरवरील युंगफ्राउयोखला वर्षभर जाता येते. मात्र हे शहर लहान आणि पर्यटनावर अवलंबून असल्याने नोव्हेंबरमध्ये ते सुस्त वाटू शकते. इटलीतील बोल्झानो वेगळ्या चवीचे. ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या हिममानवाचे संग्रहालय, मोठा नाताळ बाजार आणि रेनोन पठारावर नेणारी केबल कार तिथे आहे. पण बर्फच पाहायचा असेल, तर हा पहिला पर्याय नव्हे.

उंचावरच्या गावात राहूच नये का?

राहावे, पण तारखा पाहून. १६०० मीटरवरील झरमॅट त्याला बऱ्याच अंशी अपवाद आहे. ३०८९ मीटरवरील गॉर्नरग्राटची रेल्वे हिवाळ्यातही धावते. वेंगन, म्युरेन यांसारख्या मोटारमुक्त गावांचा विचार डिसेंबरच्या मध्यानंतर करावा. तेव्हा स्कीइंग न करणाऱ्यांसाठी बर्फ दाबून तयार केलेल्या पायवाटा खुल्या होऊ लागतात. स्वित्झर्लंडमध्ये गुलाबी पाट्यांवरून त्या ओळखता येतात. सहल आठवड्याची असेल, तर पाच रात्री खालच्या शहरात आणि शेवटच्या दोन वर, ही विभागणी सोयीची.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

हॉटेलच्या आधी केबल कार कंपनीच्या संकेतस्थळावर देखभालीच्या तारखा पाहाव्यात. युरोपातील रेल्वेचे नवे वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याअखेरीस लागू होते, त्यामुळे त्यापुढच्या गाड्या पुन्हा तपासाव्यात. डोंगरावरची महागडी तिकिटे शक्यतो त्याच दिवशी, वरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्र पाहून घ्यावीत. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ असते. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावे.

मुक्कामाचा संबंध व्हिसाशीही आहे. शेंगेन देशांपैकी जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे इन्सब्रुक की ल्युसर्न, हे अर्जापूर्वीच ठरायला हवे. किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमाही सक्तीचा आहे. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. डिसेंबरच्या सहलीसाठी ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी गाव ठरलेले बरे.